फिरलेले चौकोन

रत्नागिरी,
१२ नोव्हेंबर १९३६

प्रिय कमळा,

सहा वर्षांनी मास्तरांचं पत्र पाहून दचकू नकोस. इकडे सगळे खुशाल आहेत, माझंच तेवढं चित्त ठिकाणावर नाही. सकाळपासून तीनदा टाक उचलला, तीनदा ठेवला. भाट्याच्या पुळणीवर, समुद्रकाठी चालून आलो, तिथेही चैन पडेना. शनिवारच्या बोटीने माझी चित्रं मुंबईच्या प्रदर्शनाला जायची आहेत आणि त्या मंडळींना सोबत टिपण हवंय, की हे फिरते चौकोन आपल्याला सुचले कसे. काय लिहावं, तेच कळेना!

तू चौदा वर्षांची होतीस. शाळा सुटली की माझ्या खोलीत छापायला मदत करायचीस. आमच्या हिचं, मथुरेचं, जुनं रेशमी सोवळं कापून मी चौकटीवर ताणलं, म्हणून ती आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. रेशमाखाली चौकोन कापलेला कागद चिकटवायचा, वरून रबराने रंग ओढायचा, की खालच्या कोऱ्या कागदावर चौकोन उमटे. तीन रंगांचे तीन चौकोन, सगळे डाव्या कोपऱ्याकडे सरकलेले, असा माझा बेत. पण तू पडलीस तुळशीला रोज प्रदक्षिणा घालणारी! रंग वाळला की कागद घेऊन टेबलालाही प्रदक्षिणा घालून यायचीस आणि ज्या बाजूला पोचशील तिथून मांडायचीस. दर वेळी कागद फिरायचा, आणि तिन्ही चौकोन तीन कोपऱ्यांना पळाले. माझं डोकंच फिरलं. तुझ्यादेखत मी ते कागद टराटरा फाडले, नाही नाही ते बोललो. तू रडत गेलीस ती परत आली नाहीस, पुढे लग्न होऊन गिरगावात गेलीस.

एक कागद रद्दीत तसाच राहिला होता. महिन्याभराने एक पाहुणे आले, त्यांनी तो उचलला आणि पाहतच राहिले. माझं कौतुक करू लागले. मी गप्प बसलो, तो आजवर. तेव्हापासून मुद्दाम कागद फिरवत आलोय. नाव मिळालं, मुलांनाही तेच शिकवतो. दर वेळी तुझी आठवण होते आणि लाज वाटते.

टिपणात मी आता खरं काय ते लिहिलंय, तुझ्या नावासकट. लोक हसले तर हसोत. पण ते तुला प्रदर्शनातही वाचता आलं असतं, हे पत्र त्यासाठी नाही. काल बाजारात तुझी आई भेटली. मी सहज विचारलं, कमळा चित्रं काढते का? गंगुबाई म्हणाल्या, चित्रं कसली, ती दारात रांगोळीसुद्धा घालत नाही, हाताला वळण नाही असं मास्तरांनीच सांगितलंय म्हणते. कमळा, ते मी रागाने म्हणालो होतो. ते खोटं होतं, पोरी.

तुझाच,
रावजी मास्तर