अंगठा लागत नाही

बोईसर,
दि. ६ एप्रिल २०२५

ती. सौ. साखरआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणतेस, हे पत्र लिहिण्याचं जुनं कारण. नवं कारण असं की मोबाइलची काच माझं बोट मानेनाशी झाली आहे. पेन अजून मानतं.

गेल्या महिन्यात बोटांच्या कडेला आणि तळपायांना साबुदाण्यासारखे बारीक फोड उठले. खाज अशी की शिफ्टच्या बसमध्ये मी चप्पल काढून पाय पत्र्यावर घासते. फोड फुटतात, पाणी येतं, मग कातडं सुटतं आणि खालून लालभडक नवं निघतं, त्याला चिरा. जरा बरं वाटेपर्यंत दुसरी खेप येते. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा एक्झिमा, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मलम दिलंय, साबणपाणी आणि घाम टाळा म्हणाल्या. बोईसरात एप्रिल महिन्यात घाम टाळायचा! मी विचारलं, श्वास घेतला तर चालेल ना. त्या हसल्या, मला काही हसू आलं नाही.

खरी भानगड पुढे आहे. आमच्या कंपनीच्या गेटवर हजेरीचं यंत्र आहे, त्यावर अंगठा ठेवून आत जायचं. माझ्या अंगठ्याचं कातडं गेलं आणि त्याबरोबर रेघाही गेल्या. यंत्र लाल दिवा दाखवतं. दहाही बोटं लावून पाहिली. चार दिवस आठ-आठ तास उभं राहून मी प्लास्टिकची झाकणं खोक्यांत भरली आणि कागदावर चारही दिवस गैरहजर! ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं की अंगठा उमटेपर्यंत घरी बसा. मेअखेर कायम करायच्या बायकांची यादी लागणार आहे, आणि यंत्रात जिची हजेरी पुरी असेल तिचंच नाव त्यात येणार. ठेकेदाराकडे चार वर्षं काढली ती या एका यादीसाठी.

सुजित म्हणतो, नोकरी सोड, आधी हात सांभाळ. मी म्हटलं, हात माझा आणि नोकरीही माझी, तू फक्त भांडी घास. आणि आत्या, तुझा जावई घासतो! चाळीच्या नळावर, सगळ्यांदेखत. शेजारणी दारात उभ्या राहून बघतात. बघू देत.

घरी मी बसणार नाही. उद्या सकाळची शिफ्ट आहे, जाणार म्हणजे जाणार.

नागोरावमामांना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
ज्ञानेश्वरी


सावरखेडी, जि. परभणी,
दि. १४ एप्रिल २०२५

चि. सौ. ज्ञानेश्वरीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. जावयाला नळावर भांडी घासायला बसवलंस हे वाचून तुझे मामा हसले. मी नाही हसले. तिकडचं तिकडे ठेव, इथं कुणाला कळवू नकोस. त्या आजाराचं नावही नको. आपल्याकडे हातापायाला काही दिसलं की लोक थेट महारोगावर जातात, मग तू कितीही कागद दाखव. चारचौघांत हातावर पदर घेत जा.

आपल्या रखमाबाईची सून बोईसरला परत चालली आहे, तिच्याजवळ चार बिब्बे बांधून पाठवते. सुईला टोचून दिव्यावर धरायचा, तेल सुटलं की फोडांवर लावायचं. माझ्या टाचांच्या भेगा यानंच भरल्या. डॉक्टरांची मलमं म्हणजे वरवरची मलमपट्टी.

आणि एक सांगते, ऐक. साहेबाच्या तोंडी लागू नकोस. घरी बस म्हणतात तर बस. अंगठा उमटला नाही तर माणसानं गुमान परत यावं, त्यात काही कमीपणा नाही. भांडून कुणाचा अंगठा उमटला आहे?

औषध लावून कसं वाटलं ते कळव. जावयांना आशीर्वाद सांग आणि त्यांच्या हातची भांडी बंद कर.

सदैव तुझं बरं चिंतणारी,
आत्या


बोईसर,
दि. २ मे २०२५

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या बिब्ब्यानं मला आडवं केलं. तेल लावलं त्या रात्रीच हात सुजले, सकाळी बोटं मिटेनात. बिब्बा असा उतला की जिथे फोड नव्हते तिथेही आले. चार दिवस सुजितनं मला घास भरवला. डॉक्टरीणबाई मला जे बोलल्या ते मी तुला लिहीत नाही, कारण तू माझी आत्या आहेस. पण मी फार रागावले आहे, तेही लपवत नाही. टाचेची भेग वेगळी आणि हे वेगळं. उरलेले बिब्बे मी उकिरड्यावर टाकले.

पाचव्या दिवशी कामावर गेले तर पाण्याच्या माठाजवळ माझा पेला बाजूला, खिडकीत ठेवलेला. ठेवला होता उषानं. ही इथल्याच पाम गावची, माझ्याच टेबलाशी समोर उभी राहते, चार वर्षं माझ्या डब्यातलं लोणचं खाल्लंय तिनं. तुझं ऐकायचं तर मी पदर घ्यायला हवा होता. मी काय केलं, सांगते. जेवणाच्या सुट्टीत हातमोजे काढले, दोन्ही हात टेबलावर मांडले आणि डॉक्टरांचा कागद मोठ्यानं वाचला. हा आजार लागत नाही, हे वाक्य दोनदा वाचलं. मग उषाच माझ्यावर खेकसली, की हे आमाला आधी का नाय सांगितलंस, मी आठ दिवस भीतीनं माज्या पोरांना जवळ घेतलं नाय. आणि रडायला लागली. आता तिला समजवायचं कामही माझ्याच अंगावर! पेला तिनंच उचलून माठाशी आणून ठेवला.

यंत्राचा लाल दिवा चालूच आहे. म्हणून मी एक वही केली आहे. गेटवर मंगळ्याकाका वॉचमन असतात, ते मला आत सोडतात आणि रोज माझी यायची आणि जायची वेळ लिहून खाली सही करतात. पहिल्या दिवशी कचरत होते. मग म्हणाले, मी माज्या डोल्यांनी बगितला, तर लिवायला काय भ्यायचा हाय? आत गेल्यावर टेबलावरच्या दोन बायका सह्या करतात. साहेबांना वही दाखवली तर ते म्हणाले की असल्या वह्या कंपनीत चालत नाहीत. चालत नसेल तर नसो, मी रोज लिहिणार.

फोडांची तिसरी खेप सुरू आहे. पायाला कापूस गुंडाळून उभी राहते. पण बसत नाही घरी.

मामांना नमस्कार. भांडणासकट मला आपली म्हण.

तुझी,
ज्ञानू


सावरखेडी,
दि. ११ मे २०२५

चि. ज्ञानूस,
अ. उ. आ. वि. वि.

चुकलं माझं. दुसऱ्याच्या हाताचं दुखणं न बघता औषध पाठवलं. पत्र वाचून दोन घास कमी गेले.

तुला एक गोष्ट सांगितली नव्हती, मामांनाही नाही. जानेवारीपासून रेशनच्या दुकानातलं यंत्र माझा अंगठा घेत नाही. जन्मभर खुरपं धरलं, रेघा राहतील कुठून? दुकानदार सगळ्यांदेखत म्हणाला, म्हातारे, तुझ्या अंगठ्यावर काही उरलंच नाही. लोक हसले. मी पिशवीची घडी केली आणि घरी आले. मामांना गुडघ्यांमुळे तिथवर चालवत नाही, त्यांना सांगितलं की गहू किडका आलाय म्हणून घेतला नाही. चार महिने हेच सांगत आले. मला वाटलं खोट माझ्यातच आहे. म्हणून तुलाही गुमान परत ये म्हणत होते.

तुझ्या वहीचं वाचलं आणि परवा मी दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. म्हटलं, गहू दिल्याशिवाय उठत नाही, आज नाही, उद्याही नाही. दुपार झाली. ऊन डोक्यावर आलं. गिऱ्हाइकांना माझ्या बाजूनं वळसा घालून जावं लागे. शेवटी दुकानदारानं अंगठ्याऐवजी माझ्या मोबाइलवर आकडा मागवला, तो मी वाचून दाखवला आणि गहू मिळाला. म्हणजे वाट होती, पोरी! चार महिने कुणी सांगितलीच नाही. मामांना खरं सांगितलं. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली.

साहेबाला सोडू नकोस. जावयांना भांडी घासू दे.

तुझ्या बाजूची,
आत्या


बोईसर,
दि. ३ जून २०२५

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सुजितला वाचून दाखवताना मला मधेच थांबावं लागलं. तू आधी का सांगितलं नाहीस म्हणून भांडणार होते, पण तुला पायरीवर बसलेली डोळ्यांसमोर आणली आणि भांडण राहूनच गेलं.

आता इकडचं. शनिवारी यादी लागली. टाइप केलेली एकवीस नावं. माझं नाही. माझ्यामागून आलेल्या दोघींची आहेत. पाय इतके जळत होते की तिथेच बसावंसं वाटलं. पण उषानं दंड धरला आणि आम्ही दोघी तडक ऑफिसात गेलो. मी वही टेबलावर ठेवली. साहेबांनी आधी माझे हात बघितले आणि खुर्ची मागे सरकवली. म्हणाले, यंत्र सांगतं तुम्ही सत्तेचाळीस दिवस आला नाहीत.

तेव्हा उषा बोलली. आत्या, आमच्या प्रत्येक खोक्यात भरणारीच्या नंबराची चिठ्ठी टाकतात, माल खराब निघाला तर तिला पकडता यावं म्हणून. माझा नंबर बारा. उषानं माल पाठवायच्या खात्यातली वही मागवायला लावली. यंत्र मला गैरहजर म्हणत होतं त्या दिवसांत, बिब्ब्याचे चार दिवस सोडले तर, बारा नंबरची खोकी रोज बाहेर गेलेली, एकही परत आलेलं नाही. मी साहेबांना विचारलं की मी आले नव्हते तर ही खोकी भरली कुणी, आणि माल खराब निघाला असता तर तुम्ही पकडलं कुणाला असतं. त्यांनी दोन्ही वह्यांची पानं पुढून मागे, मागून पुढे चाळली. मग बाहेर जाऊन भिंतीवरच्या यादीत एकविसाव्या नावाखाली पेनानं माझं नाव लिहिलं. अक्षर वाईट आहे त्यांचं. सहीसकट आहे, मी तपासलं.

हात बरे झाले असं समजू नकोस. हे येणार, जाणार, पुन्हा येणार, डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलंय. येऊ दे. कालपासून गेटवर नवीन यंत्र लावलं आहे, ते अंगठा घेत नाही, चेहरा बघतं. माझा चेहरा नोंदवताना साहेब शेजारी उभे होते. म्हणाले, कपाळाच्या आठ्या काढा, जरा नीट बघा, रोज हाच चेहरा लागेल. मी म्हटलं, साहेब, रोज हाच येणार आहे. असाच नोंदवा.

मामांना आणि तुला माझा नमस्कार. जवळ आहेस तशीच राहा.

तुझी,
ज्ञानेश्वरी