भिंतीला सांगितलेलं नाव

३ फेब्रुवारी
पोचलो एकदाचा! परंड्याहून नंदुरबार, मग धडगाव, तिथून वर पाड्यापर्यंत सरांची जीप. हेमकांत सर जुनी चित्रं दुरुस्त करतात, मी त्यांचा नवा हेल्पर. जालमसिंगच्या घरात भिंतभर घोडे काढलेत. काय लाल आहे! पण पोपडे सुटतायत. रंग कशात कालवलाय ते कळल्याशिवाय डागडुजी नाही. सरांनी पेट्रोल पंपाच्या नळीसारखं मशीन भिंतीला लावलं. त्यानं गेरू सांगितला, चुना सांगितला, कालवण काही सांगेना. सर हसले, मशीन काय देव शे का भाऊ, खरडनंच पडी.

४ फेब्रुवारी
या घराची रीत अशी, की भिंतीला हात लावण्याआधी ज्याचं काम त्यानं आपलं नाव तिला सांगायचं. काम सरांचं. पण सर म्हणाले, ब्लेड तुन्हा हातमा शे, मंग नाव तुन्हंच. जालमसिंगची आई, भिकुबाई, नको नको करत होती. मला तर मान वाटला. मोठ्यानं सांगितलं, जाकीर. नखाएवढा पोपडा काढला. माझा हात लागला असेल तर तो अंश वगळता यावा म्हणून सरांनी पोपड्यासोबत माझी थुंकीही लॅबला पाठवली.

११ फेब्रुवारी
लॅबवाल्याचा फोन. कालवण माणसाचं रक्त आहे. आणि ते माझ्या थुंकीशी जुळलं.
पोपड्यावर चुलीच्या धुराचा जुना थर तसाच होता. रक्त त्याच्या खाली. ते कसं? तो म्हणाला, कुणाचं ते सांगतो, कसं ते आमच्या हातात नाही.
सर मशीन आवरायला लागले.

१३ फेब्रुवारी
खरडलेली जागा भरून आली. ओली आहे.
दाढी करताना गाल कापला. रक्त आलं नाही.
भिकुबाई रडली. तुन्हा सायबले मी समदं सांगेल व्हतं, म्हणाली. ज्यानं नाव, तो भीतना. भिंतीचा.
म्हणजे सरांना ठाऊक होतं. ठाऊक असून—

१४ फेब्रुवारी
सर गेले. जाताना म्हणाले, जेवून घे रे. जेवून घे! फोन बंद.

१५ फेब्रुवारी
भिकुबाई म्हणते, ज्याचं काम त्याचं खरं नाव सांग, सुटशील. सांगितलं. हेमकांत. हेमकांत. काही नाही—
लॅबवाल्याला फोन केला. तो म्हणाला, कोण हेमकांत?
पहिल्या दिवसापासून खोटं नाव. मी त्याला सर म्हणत होतो.

१६ फेब्रुवारी
पाय उचलत नाहीत. भिंत लालच लाल—
त्याचा फोन आला. आणखी एक पोपडा पाहिजे म्हणतो. मी म्हटलं काढतो, आधी तुमचं खरं नाव. मग म्हणाला, घे लिहून.
भिंतीला सांगायला आता आवाज फुटत नाही, बोटांत पेन राहत नाही. लिहितो. त्याचं नाव