डिले मुलीला, रिव्हर्ब धाकटीला

मी, खाली सही करणार आहे ती, वय एकोणसत्तर पूर्ण, धंदा पूर्वी हॉटेलात गिटार वाजवण्याचा आणि हल्ली घरी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डावा हात तेवढा ठिकाणावर नाही, पण त्याला कायद्याची हरकत नाही असं वकीलसाहेब म्हणतात. कोणी मला धाकदपटशा दाखवलेला नाही. दाखवणारं माणूस अजून जन्माला यायचं आहे.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची गॅलरी, माझ्या एकुलत्या एक मुलीला. बँकेत जे काही असेल तेही तिलाच. गॅलरीचं दार पावसाळ्यात फुगतं. रंधा मारू नये, उन्हाळ्यात फट पडते. खांदा लावावा.

कलम २. सोल्डरिंगची हत्यारं, मीटर आणि स्क्रूचे सात डबे समोरच्या शिलाई मशीनवाल्या भाऊंना. तशीही ती निम्मा वेळ त्यांच्याकडेच असतात. आता परत मागायला कोणी येणार नाही, एवढाच फरक.

कलम ३. ज्या हॉटेलात मी वाजवत असे तिथल्या मॅनेजरांना माझ्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा फक्त व्हॉल्यूमचा नॉब द्यावा. वीस वर्षं त्यांनी दर संध्याकाळी दारातून हाताने ‘कमी करा, कमी करा’ अशी खूण केली. आता स्वतः हवा तेवढा कमी करावा.

कलम ४. माझी इलेक्ट्रिक गिटार आणि डिलेचं यंत्र मुलीला. रिव्हर्बचं यंत्र माझ्या धाकट्या बहिणीला.

वकीलसाहेबांनी इथे लेखणी थांबवून विचारलं, “दोन्ही आवाज घुमवणारीच ना? मग एकत्र का देत नाही?” त्यांच्यासाठी आणि पुढे वाचणाऱ्यांसाठी खुलासा करते. रिव्हर्ब सुराभोवती खोली उभी करतो. सूर संपला तरी हवेत थोडा वेळ राहतो. डिले वाजवलेलं जसंच्या तसं, जरा थांबून, पुन्हा ऐकवतो. एक आहे दिवाणखाना, दुसरा आहे डोंगर. या फरकापायी आम्ही दोघी बहिणी अकरा वर्षं एकमेकींशी बोललो नाही.

मी वाजवायची, धाकटी गायची. हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये जाड गालिचा, जाड पडदे, गादीच्या खुर्च्या. आवाज तोंडातून निघाला की तिथेच मरायचा. धाकटी म्हणायची, “ताई, सतरंजीखाली गातेय असं वाटतं गं. एक रिव्हर्ब घेऊया.” एकच यंत्र घ्यायची ऐपत होती. मी एकटीच दुकानात गेले. दुकानदाराने डिले लावून दिला. एक तुकडा वाजवला तर मागून दुसरी गिटार आली, आणि तीही मीच. माझं भान सुटलं. मी डिले घेऊन आले. तिला विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी तिसऱ्या गाण्यात माझ्या गिटारचे पडसाद तिच्या ओळीत घुसले आणि तिचा ताल सुटला. तिने पुन्हा धरला, पुन्हा सुटला. पुढच्या टेबलावर कोणीतरी हसलं. तिने माइक स्टँडला लावला, नीट, घाई न करता, आणि स्वयंपाकघराच्या दाराने निघून गेली. मी मागे धावले. ती म्हणाली, “तुला मी नकोच होते, ताई. तुला तुझाच आवाज परत ऐकायचा होता.”

मी म्हटलं, “ताल तुझा चुकला.” ते खोटं होतं.

पुढची अकरा वर्षं मी एकटी वाजवलं, डिलेच्या सोबतीने. लोक वाहवा करायचे. धाकटी इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर लागली, एवढं मुलीकडून कळलं. मुलगी मावशीकडे जायची. मी विचारायची नाही आणि ती सांगितल्याशिवाय राहायची नाही.

मग अठ्ठावन्नाव्या वर्षी एका सकाळी डाव्या हातातून चहाचा कप पडला आणि हात उचलेना. मुलीने इस्पितळात नेलं. मधले दिवस मला नीट आठवत नाहीत. घरी सोडल्यावर पहिल्यांदा तपासणीला गेले तो दिवस मात्र चांगला आठवतो. लांबच लांब फरशीचा पॅसेज, नुसत्या भिंती, लोखंडी बाकं. स्पीकरवर आवाज आला, “एकतीस नंबर, खिडकी दोन.” एवढंच. पण तो आवाज पॅसेजच्या टोकापर्यंत गेला, वळला, सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखा परत आला. मी रडायला लागले. मुलीला वाटलं हात दुखतोय. ज्या आवाजाला मी खोली द्यायला हवी होती, तो आजाऱ्यांचे नंबर पुकारत होता.

एकतीस नंबर माझाच होता. चिठ्ठीवरचं नाव वाचून धाकटी खिडकी सोडून बाहेर आली. पहिलं वाक्य, “हात बघू.” दुसरं, “किती बोटं चालतात?”

“दोन.”

“मग दोन बोटांचं वाजव. बाकीचं आपण बघू.”

सलग तीन शनिवार आम्ही दुकानात घालवले. सात रिव्हर्ब ऐकले. एकात न्हाणीघरात गायल्यासारखं वाटायचं. एकातल्या स्प्रिंगला जरा धक्का लागला की ताटं पडल्याचा आवाज. एक इतका गोड की दोघींना हसू आलं. मी दोन बोटांनी एक सूर धरायची, ती डोळे मिटून एक ओळ म्हणायची आणि मान हलवायची: नाही. सातवा साधा होता, तीनच नॉब. माझा एक सूर निघाला आणि राहिला. हातात जोर नव्हता, तरी राहिला. त्यावर तिने ओळ ठेवली. दुकानदार पुडकं बांधत होता, तो थांबला.

मी म्हटलं, “डिले विकून टाकते.” ती म्हणाली, “विकायचा कशाला? लाव की. फक्त एकदाच बोलू दे त्याला, आणि माझं झाल्यावर.”

तेव्हापासून आधी डिले, मग रिव्हर्ब असं जोडलेलं आहे. नॉब कुठे ठेवायचे तिथे मी नेलपॉलिशचे ठिपके दिले आहेत. पुढची अकरा वर्षं आम्ही दर रविवारी सकाळी याच घरात वाजवलं. ऐकायला मुलगी, खालचे दंतवैद्य आणि गॅलरीखाली थांबणारे दोघे-तिघे.

कलम ५. त्या संध्याकाळी ताल बहिणीचा चुकला नव्हता, मी चुकवला. तिला न विचारता यंत्र आणलं ही चूक माझी, आणि ती तिच्यावर ढकलली ही त्याहून मोठी. मी तिची माफी मागते. तोंडाने कधी जमलं नाही, म्हणून इथे लिहिते.

कलम ६, ऐनवेळी वाढवलेलं. वकीलसाहेबांनी हे सगळं स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं. धाकटी समोर शेंगा सोलत बसली होती. पाचवं कलम झाल्यावर म्हणाली, “लिहून काय ठेवतेस? मी समोर बसलेय.” तेव्हा मी तोंडाने म्हटलं. आवाज नीट फुटला नाही, पण म्हटलं. ती बराच वेळ एकच शेंग सोलत राहिली.

मग म्हणाली, “साक्षीदार म्हणून मी सही करते.”

वकीलसाहेब म्हणाले, “तुम्हाला रिव्हर्ब मिळतोय. ज्याला मिळतं त्याने साक्ष घातली तर त्याचं मिळणं जातं.”

“मग रिव्हर्ब खोडा. आणि माफी?”

त्यांनी चष्मा पुसला. “माफी ही मालमत्ता नाही. ती घेऊन साक्ष देता येते.”

सबब कलम ४ मधून बहिणीचा उल्लेख रद्द, रिव्हर्बही मुलीला. मुलगी लगेच म्हणाली, “ठेवायचा मात्र मावशीच्याच घरी.” त्याला माझी हरकत नाही.

वरील मजकूर वाचून, ऐकून आणि समजून उजव्या हाताने सही करते.

ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: चौदा, मंगळवार, सकाळचे साडेदहा

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य (सही)

साक्षीदार २: मृत्युपत्र करणारीची धाकटी बहीण (सही)
शेजारी तिच्याच अक्षरात: “माझ्यासमोर म्हणाली. पोचलं.”