दुनळीवरचं कुंकू

काटोल
ता. ३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वैभवीस प्रेमिला आत्याचे अ. उ. आ.

पत्र पाहून हसशील. पण फोनवर मले काही ऐकू येत नाही, अन् सुशील मधात पडून माझं बोलणं आपल्याच मनाचं करून सांगते. पोटचा पोरगा आहे, काय करता! म्हणून कागद घेतला.

दादाले, तुझ्या बाबाले, जाऊन चार महिने झाले. त्याची दुनळी बंदूक अजून नागपूरले बर्डीच्या बंदूकवाल्याच्या दुकानात जमा आहे म्हणतात. तू एकुलती एक, वारस तूच. पण हुडकेश्वरच्या फ्लॅटात बंदूक ठेवून तुले काय चोर मारायचे आहेत? इथं रानडुकरं रोज संत्र्याच्या बागेत घुसतात, ठिबकच्या नळ्या उपटून टाकतात. डुकरं मारायच्या परवानगीसाठी सुशीलनं वनखात्याकडे अर्ज केला आहे. बंदूक त्याच्या नावानं होऊ दे. माहेरची एक वस्तू माझ्या पोराच्या हाती यावी, एवढंच मागते.

जावईबापूंना आशीर्वाद. आत्यावर जीव असू दे.

तुझी,
प्रेमिला आत्या


हुडकेश्वर, नागपूर
ता. १७ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चोर मारायचे नाहीत. बंदूक सुशीलदादाला द्यायची असं मी ठरवलंच होतं. ‘होतं’ का म्हणते, ते सांगते.

काल दुकानात गेले. तिथले मिस्त्री ओमप्रकाशजी तुझ्याच वयाचे. त्यांनी चामड्याच्या पेटीतून बंदूक काढली आणि आधी मलाच रागावले, की चामडं ओल धरून ठेवतं, एवढंही घरात कोणाला ठाऊक नव्हतं का. मग नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, दोरीला टांगल्या आणि लाकडाच्या बारीक दांडीनं हलकेच टकटक केलं. आत्या, नळ्या गायला लागल्या. सूर विरता विरेना. बाजूचं गिऱ्हाईक घासाघीस करायचं थांबलं. सांधा सुटला असता तर आवाज बद्द आला असता, म्हणाले.

मग तेलाचा बोळा फिरवला, आणि काळ्या नळीवर लाटा उमटल्या, तळ्यावरून वारा जावा तशा. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या तापवून, पिळून, ठोकून सव्वाशे वर्षांपूर्वी कोणीतरी ती नळी घडवली होती. जन्मापासून बघतेय ही बंदूक. मला ती नुसती काळी वाटायची.

पण अशा नळ्या जुन्या बारुदीसाठीच. आजचं काडतूस त्यांना सोसत नाही. शिवाय उजव्या नळीवर, घोड्याच्या जरा पुढे, कुंकवाचा जाड थर आहे. मिस्त्रींनी त्याची कड उचलून टोचणीनं चाचपलं, तर खाली गंजानं पोलाद खाल्लेलं. अंगठ्याएवढा खळगा. बार काढला तर नळी तिथंच फुटेल, चालवणाऱ्याच्या हातात आणि तोंडावर. दर दसऱ्याला ओलं कुंकू लावलं आणि कधीच पुसलं नाही, म्हणून. त्यांचं म्हणणं, शिकारीनं जे झालं नाही ते पूजेनं केलं.

तेव्हा सुशीलदादाला ती चालवायला देववत नाही. कुंकू पुसून तेल दिलं तर निदान गंज थांबेल. पुसायला सांगू का?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
वैभवी


काटोल
ता. २२ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वैभवीस आ.

द्यायची नव्हती तर सरळ नाही म्हणायचं. मिस्त्र्याच्या तोंडानं काहून बोलतेस? आमच्या बाबानं त्याच बंदुकीनं बार काढले, दादानंही दिवाळीले काढले. कोणाचं बोटही गेलं नाही. येत्या सोमवारी सुशील दुकानात येऊन राहिला.

अन् त्या कुंकवाले कोणी हात लावायचा नाही. लावलेलं कुंकू पुसत नसतात. बाईची जात आहेस, एवढं तुले समजते.

लोभाची ओळ या खेपेस लिहीत नाही.

प्रेमिला


हुडकेश्वर, नागपूर
ता. २ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुशीलदादा आला होता. मिस्त्रींनी त्याला खळगा दाखवला आणि बार काढताना तोंड कुठं असतं, डोळा कुठं असतो, ते त्याच्याच अंगावर बोट ठेवून सांगितलं. दादा खाली बसला, पाणी मागितलं. बंदूक नको म्हणाला. आईले तूच सांग वं, मी सांगितलं तर मार खाईन, असं पन्नाशीचा माणूस मला म्हणाला!

तो गेल्यावर मी बसून राहिले. कुंकवावर अंगठा ठेवून पाहिला. नेमका बसला. आपल्या घरच्या बायकांचे अंगठे बारीकच.

लहानपणी मला या पूजेचा राग यायचा. घरात आई सवाष्ण, मी मुलगी, तरी तू काटोलहून येईपर्यंत सगळं थांबायचं आणि कुंकू तूच लावायचं. आईला विचारलं तर म्हणायची, तो आत्याचा मान, बाबांना विचारू नकोस. मी विचारलं नाही. आता दोघंही नाहीत. एका बाईच्या अंगठ्यानं पोलादात खळगा पडतो, हे मी डोळ्यांनी पाहून आले आहे. म्हणून तुलाच विचारते. किती वर्षं लावत होतीस? आणि तूच का?

तू ओळ लिहिली नाहीस तरी मी लिहिते. माया तशीच आहे.

तुझी,
वैभवी


काटोल
ता. १० सप्टेंबर २०२५

चि. सौ. वैभवीस अ. उ. आ.

सुशील घरी आला. जेवता जेवता माझ्याकडे बघत राहिला. तेव्हाच समजलं. तुले वाकडं बोलली, मनात ठेवू नको.

पन्नास वर्षं लावलं. सुशील सहा महिन्यांचा होता तेव्हा त्याचे वडील गेले. मी चोवीसची. दहाव्या दिवशी बायांनी मले पाटावर बसवलं अन् ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं. एकीनं पुसलं, अन् राहिलं म्हणून दुसरीनं घासलं.

त्या साली दसऱ्याले दादा मले माहेरी घेऊन आला. मी सैपाकघरात दडून बसली होती. दादानं कुंकवाची वाटी आणून माझ्या हातात ठेवली. काकू दादावर ओरडली, विधवेचा हात शस्त्राले लावतं काय गा महादेव! दादा म्हणे, बंदुकीले कुठं नवरा आहे काकू, तिचं कुंकू कोण पुसणार? सारे हसले. काकूही हसली. दादानं खालून माझं मनगट धरलं, अन् मी अंगठा टेकवला.

तेव्हापासून त्या घरात ते कोणी पुसलं नाही. दरसाल वरून नवं. मी काटोलले परत येई तेव्हा मले वाटे, आपलं कपाळ तिथं ठेवून आली.

अन् त्यानं पोलाद खाल्लं! दिवसभर तेच मनात घोळून राहिलं. एवढंसं कुंकू, एवढं पाणी. ज्या पोरासाठी मागत होती, त्याचाच हात गेला असता. माझ्याच अंगठ्यानं.

परवाना तुझ्या नावानं कर, काडतुसांशिवाय मिळत असल तर तसा. मी सोमवारच्या पहिल्या बसनं येते. मिस्त्र्याले सांग, तेल अन् मऊ फडकं काढून ठेव, पण हात लावू नको. माझं कुंकू लोकांनी पुसलं. हे मी आपल्या हातानं पुसीन.

भेटीपर्यंत माया राखून ठेव.

तुझी,
प्रेमिला आत्या