फाट्यावरून ऐकू येणारी गाडी

१२ एप्रिल, रविवार
नानांची बुलेट आली. मिरजगावहून टेम्पोत, कांद्याच्या रिकाम्या गोण्यांवर आडवी. बापू मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाला होता, "आक्का, उभी राहून सडतीय. न्यायची तर ने, न्हाई तर देतो कुनाला तरी." धाकटा भाऊ असून शेवटचा शब्द कायम त्याचाच. या वेळी माझा.

पोर्चमध्ये ती आणि माझी स्कूटर, दोघींना मिळून जागा अपुरी. दिलीप म्हणाला, लग्नात सासऱ्याकडून काही घेतलं नव्हतं, आता हे घरपोच. टोमणा की गंमत, ते या माणसाशी इतकी वर्षं संसार करूनही कळत नाही.

नानांना हात धरून बाहेर आणलं. बघितली. "कुनाची हाय?" मग मला म्हणाले, "बाई, ऊन लई हाय. मी आत बसतो."

दिवाळीपासून माझ्या वडिलांना मी शाली नाही, बाई आहे. नाना आमच्याकडे राहतात हे त्यांना मान्य नाही. ते पाहुणे आहेत आणि मी या घरची कोणी भली बाई.

१३, सोम.
डॉक्टर म्हणाले होते, ओळखीच्या वस्तू, ओळखीचे आवाज आसपास असू द्या. वस्तूंचं झालं. त्यांचा पितळी तांब्या, घोंगडी, हार घातलेला आईचा फोटो. फोटोतल्या आईला नमस्कार करतात, देवीला करावा तसा.

आवाज राहिला. लहानपणी संध्याकाळी फाट्यावरून चार बुलेटा जायच्या. आई चुलीपुढे पीठ मळत बसलेली. एक गेली, दुसरी गेली, आई ढिम्म. मग एकदम म्हणायची, "आले." आणि तवा ठेवायची. नाना वस्तीवर येऊन हातपाय धुईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली. आईचं कधी चुकलं नाही.

तर इतकंच हवंय. गाडी एकदा चालू व्हावी, नानांनी ऐकावी आणि आपली म्हणून ओळखावी. गाडी ओळखली तर पुढे मलाही ओळखतील. दि.ला यातलं बोलले नाही.

१५, बुध.
शाळा सकाळची. दुपारी इंजिनचं हेड उतरवलं. आत नुसती काजळी. पिस्टन सिलेंडरात डुगडुगतोय, रिंगा घासून चपट्या. किकमध्ये दम नव्हता यात नवल ते काय.

नाना हे सगळं वस्तीवर अंगणात पोतं पसरून करायचे. मी नट ताटात मांडून द्यायची, निघाले त्या क्रमाने. बापूला कंटाळा यायचा, मला नाही. तेवढ्या भांडवलावर हा उद्योग. आज ताट स्टीलचं आणि पोत्याऐवजी जुनी चादर. दि. ताट शोधत होता.

१९, रवि.
लेथवाल्याकडून सिलेंडर आतून तासून, बोअर करून आणला. नव्या मापाचा पिस्टन, रिंगा, गॅस्केट. त्याने सल्ला दिला की मॅडम, जोडायला मेस्त्रीकडे टाका. मान हलवली आणि सगळं स्कूटरच्या पायाशी ठेवून घरी घेऊन आले.

नववीचे पेपर तसेच पडलेत.

२२, बुध.
व्हॉल्व्ह घासायला बसले. खरखरीत पेस्ट लावायची आणि लाकडी दांडी दोन तळव्यांत फिरवायची, ताक घुसळतात तशी. माझा सूर लागेना. मनगटं भरून आली.

नाना कधी येऊन शेजारी बसले कळलं नाही. दांडी माझ्या हातातून घेतली. अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे, मग उचलून जरा वळवायची, पुन्हा टेकवायची. डोळे समोरच्या भिंतीकडे. हात मात्र सगळं जाणत होते. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे.

नंतर व्हॉल्व्ह घट्ट बसतात का ते बघायला हेड उलटं करून पेट्रोल ओतलं. थेंबभरही पाझरलं नाही. म्हटलं, नाना, झ्याक झालं. ते म्हणाले, "तुमचा मेस्त्री कुटं गेलाय?"

मी हसले. मग मोरीत जाऊन हात धुता धुता रडू आलं.

२५, शनि.
पिस्टन गरम केल्याशिवाय पिन आत जाईना. दुधाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडला. दि. चहा करायला आला, झाकण उचलून बघितलं, परत ठेवलं. "किती शिट्ट्या?" एवढंच विचारलं. बरा आहे तसा.

पिन अलगद बसली. सिलेंडर, गॅस्केट, हेड. नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. शेवटी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांमधली फट. पुशरॉड बोटांनी सहज फिरतो आणि वरखाली मुळीच हलत नाही. अगदी जसं हवं तसं. नाना ते नेहमी ढिले ठेवायचे, कामात जरा आळस. मी नाही ठेवले.

२६, रवि.
चालू झाली! चौथ्या-पाचव्या किकला. धूर नाही, खडखड नाही, नुसती धीमी धडधड. दि.ने टाळ्या वाजवल्या. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या.

नानांना खुर्ची आणून दिली. मान तिरकी करून नीट ऐकलं. मग मान हलवली. "चांगली हाय. पन आपली न्हवं. आपली लांबून कळती."

राग आला. नानांचा नाही, म्हणजे त्यांचाही आला. इतके दिवस नखांतलं काळं निघत नाहीये, वर्गात पोरी हाताकडे बघतात, ते कशासाठी? जेवले नाही.

२८, मंगळ.
बापूला फोन. चालू झाल्याचं सांगितलं, नाना काय म्हणाले तेही. टॅपेटचा विषय मीच काढला, म्हटलं, एवढे काटेकोर लावले आहेत, नानांनी जन्मात कधी लावले नसतील.

तो म्हणाला, "आक्का, ते आळसानं ढिलं ठिवत न्हवते. तू बोर्डिंगला होतीस तवा. कर्जतच्या मेस्त्रीनं एकदा गाडी पार गप करून दिली. नाना आले ते आईला कळलंच न्हाई. तवा थंड. आई लई वशाळली. दुसऱ्या दिशी नानांनी सोता पाना घिऊन परत पयल्यासारखं ढिलं केलं. तवापास्नं मुद्दाम टिकटिक करत यायची आपली. आई तेच ऐकायची की."

आणि हे मला कोणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं आई-नानांना वाटलंच नसेल.

२९, बुध.
ढिले केले तर घासणार, ठोके बसणार. एवढं बारकाईने केलेलं काम आपल्याच हाताने बिघडवायचं. दि.ला सगळं सांगितलं, आईचं, तव्याचं. तो म्हणाला, गाडी कोणासाठी केलीस ते आधी ठरव.

१ मे, शुक्र.
सुट्टी. संध्याकाळी टॅपेट ढिले केले. फार नाही, पुशरॉड जरासा वरखाली हलेल इतकेच. नाना आत पडले होते. त्यांना बोलावलं नाही. किक मारली. धडधडीवर टिक टिक टिक. मलाही आठवत होता तो आवाज, आठवतोय हे ठाऊक नव्हतं.

नाना दारात. अनवाणी. सरळ आले, टाकीवर हात ठेवला, उजव्या बाजूचा गिअर पायाने चाचपला. चेहरा असा की मी तो विसरले होते.

"बंद कर आता," म्हणाले. "तवा ठिवला आसंल तिनं."

नळावर हातपाय धुतले. स्वयंपाकघरात आले, टेबल सोडून खाली फरशीवर मांडी घातली. मी पळत जाऊन तवा ठेवला. पीठ भिजवलं, पहिली भाकरी फाटली. दुसरी फुगली. नाना पोटभर जेवले. कित्येक महिन्यांत असं जेवले नव्हते.

गाडी ओळखली. मला नाही. ताट सरकवून म्हणाले, "बाई, एक भाकर झाकून ठिवा. ती मागनं जेवती."

झाकून ठेवली. नाना दाराकडे तोंड करून बसलेत, अजून. मधेच विचारतात, कुटं गेली म्हनावं.

उद्या पुन्हा गाडी चालू करायची की टॅपेट घट्ट करायचे, काही कळत नाही. पाना पोर्चमध्येच राहिलाय.