शून्य मिलिमीटर

बाबा, तुमची-माझी, पर्जन्यछायेत जन्मलेल्या सगळ्यांचीच एक जुनी तक्रार आहे: पूर आला की जग धावून येतं, पाऊस न पडल्याची मात्र बातमी होत नाही. आज तीच तक्रार मी इथे अमेरिकेत, प्लेनो शहरातल्या घरात बसून एका उष्ण समुद्रातल्या अमेरिकन बेटासाठी करते आहे. बेटांवर किती पाऊस पडला ते गोळा करायचं आणि दर आठवड्याला दुष्काळाचा नकाशा रंगवायचा, हे माझं काम. "आई, चारी बाजूंनी ओशन, आणि ड्रॉट? सीरियसली?" तुमची नात हसते. मी मात्र अजून थक्क होते. डोंगराच्या एका उतारावर हिरवेगार नेचे, दुसऱ्यावर निवडुंग, आणि मधे गाडीनं चहा निवेपर्यंतचं अंतर! छपरावरून टाकीत उतरेल तेवढंच पिण्याचं पाणी. उपग्रहाच्या चित्रात हे बेट समुद्रातच विरघळून जातं; साक्ष देते ती कुणाच्या तरी अंगणातली पर्जन्यमापकाची नळी.

ती वाचणाऱ्या निवृत्त नर्सबाईंकडून काही आठवडे काहीच आलं नाही आणि नकाशावर बेट पांढरं राहिलं. पांढरं म्हणजे सगळं ठीक. मग पाण्याची मदत कशाला? मी फोन केला. "कळवू काय, हनी? पडलंच नाही काही! टाकीत आता माझाच आवाज घुमतो."

आणि मला लहानपणचं तहसील कचेरीचं आवार दिसतं. रोज सकाळी तिथला पर्जन्यमापक तुम्ही वाचता, पण आज तुम्हाला ताप आहे, म्हणून मला पाठवलंय. मी परत येऊन सांगते, "काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही." तुम्ही अंथरुणात उठून बसता. "कोरी जागा म्हणजे कुणी बघितलंच नाही. शून्य म्हणजे बघितलं, आणि नव्हतं. जा, लिहून ये."

बाईंना मी तेच सांगितलं, व्यासपीठावर माझा चढतो तशा आवाजात. त्या आधी हसल्या. मग, "तुझे वडील भलतेच बॉसी होते गं!" दुसऱ्या सकाळपासून शून्य येऊ लागलं, मग शेजारच्या अंगणांतूनही. या आठवड्यात नकाशावर बेट तांबडं, म्हणजे तीव्र दुष्काळाचं, झालं, पाण्याचे टँकर निघाले. ज्यात काहीच नाही त्या आकड्यानं पाणी आणलं, बाबा!

तुम्ही आता नाही, म्हणून हे पत्र टाकायला पेटीही नाही. इतकी वर्षं तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याचंही कारण मी तेच देत आले: लिहिण्यासारखं काही नव्हतं. शनिवारी इथल्या मराठी मंडळात माझं भाषण आहे. शेवटचं वाक्य आधी तुम्हाला ऐकवते: अंगणात पर्जन्यमापक लावा, आणि कोरड्या सकाळीही शून्य कळवा.