घर ओढ्याच्या कुठल्या अंगाला

लीड्स, इंग्लंड
२० ऑक्टोबर २०२४

ती. हेलन आत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर तुझ्याशी दोन शब्द बोलायचे म्हटलं की पप्पा स्पीकर लावतात, जोएलदादा मधूनच ओरडतो आणि शेजारच्या राहीबाई भिंतीपलीकडून माझी खुशाली विचारतात. म्हणून हा जुना मार्ग धरला.

विद्यापीठ छान आहे. बाईंना चक्क नावाने हाक मारायची असते, पण माझ्या तोंडून अजून 'मॅडम'च निघतं. स्वयंपाक जमतो, भाकरी मात्र दर वेळी फुटते. समाजशास्त्र शिकते म्हणजे समाजसेवा करत नाही, हे राहीबाईंना एकदा नीट समजावून सांग. मी इथे कुणाला धान्य वाटत नाही.

वर्गात भारताचा विषय निघाला की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. परवा जातीवर चर्चा होती. एका मुलीने मला विचारलं की तुमच्यात कसं असतं. मी पटकन बोलून गेले की आम्ही ख्रिस्ती, आमच्यात जात नसते. तिने ते वहीत लिहून घेतलं. मला मात्र ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं. दादाचं लग्न जमवायला घेतलंय, तर पप्पा फोनवर स्थळांची 'चौकशी' करतात. ती नेमकी कसली चौकशी असते गं? इतकी वर्षं त्या घरात वाढले आणि मला धड माहीत नाही. तू शिक्षिका, तुला सगळं विचारता येतं. सांगशील ना?

पप्पा-मम्मीला सलाम. तुझी माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी भाची,
आराधना

•

केडगाव, अहिल्यानगर (मी अजून नगरच म्हणते)
१७ नोव्हेंबर २०२४

चि. आराधनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमनने आधी पाकिटावरचं तिकीट मागितलं आणि मग पत्र दिलं. इकडे सगळे खुशाल. तुझ्या मम्मीचा गुडघा तेवढा कुरकुरतो. राहीबाईंना समजावलं. त्यांचं म्हणणं, समाजसेवा नाही तर मग एवढ्या लांब जायचं कशाला.

आता तुझी चौकशी. शिक्षण, नोकरी हे सगळं बायोडाटात असतंच, ते कुणी विचारत नाही. चहा येतो, पोहे येतात आणि मग कुणीतरी वडीलधारं माणूस सहज विचारल्यासारखं विचारतं की तुमचं मूळ गाव कोणतं. गाव कळलं की दुसरा प्रश्न, तिथे आजोबा-पणजोबांचं घर ओढ्याच्या कुठल्या अंगाला होतं. झालं. आपल्या गावांत कुठली वस्ती कुठल्या अंगाला होती हे सगळ्या म्हाताऱ्यांना पाठ आहे. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या, पण घर काही ओढा ओलांडत नाही. जातीचा शब्दसुद्धा उच्चारावा लागत नाही. फार सभ्य पद्धत आहे बघ.

विचारलंसच तर सांगते. माझंही लग्न ठरलं होतं. आमच्या शाळेत खर्ड्याहून जॉर्ज नावाचे भूगोलाचे शिक्षक आले होते. दोन्ही घरांनी होकार दिला, चर्चमध्ये पहिल्या रविवारी लग्नाची सूचनाही वाचली. तुला माहीतच आहे, तीन रविवार वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगावी म्हणून. त्या आठवड्यात तुझ्या आजोबांना खर्ड्याच्या घराचं अंग कळलं. दुसऱ्या रविवारी मी गायनमंडळात उभी होते. पाळकांनी सूचना वाचल्या, त्यांत आमची नावंच नव्हती. मला कळलं ते तेव्हा. मग पुढचं गीत सुरू झालं आणि मी गायले. वरचा सूर माझ्याकडे असायचा ना.

जाऊ दे, जुनी गोष्ट आहे. भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळ, फुटणार नाही. प्रार्थनेत तुझी आठवण असतेच, तूही आमची ठेव.

तुझी,
हेलन आत्या

•

लीड्स
१५ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

भाकरी फुगली! फोटो मम्मीला पाठवलाय, बघून घे.

आत्या, तुझं पत्र मी किती वेळा वाचलं सांगू? मला रडू आलं आणि रागही आला. मी त्या तंद्रीतच ती गोष्ट वर्गात मांडली. नाव बदललं गं, 'मार्था' केलं, गावाचं नाव सांगितलंच नाही. ओढ्याचा प्रश्नही सांगितला. घानाचा एक मुलगा म्हणाला की त्यांच्याकडेही असाच एक सभ्य प्रश्न असतो. बाईंनी नंतर मुद्दाम थांबवून सांगितलं की तुझा प्रबंध हाच आहे, याच बाईच्या आयुष्यावर उभा कर. आजवर मी इथे मागच्या बाकावर बसणारी होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की माझ्याकडेही सांगण्यासारखं काही आहे.

इथे नियम कडक आहे. ज्याची गोष्ट त्याची परवानगी लागते. सोबत थोडे प्रश्न पाठवते, सवडीने उत्तरं लिही. निर्णय कुणी घेतला, तुझा सहभाग किती होता, चर्चची भूमिका काय होती, असे आहेत. तू हो म्हणशीलच. नाताळच्या करंज्या माझ्या वाटणीच्याही खा, आणि आशीर्वादाचा हात तेवढा डोक्यावर राहू दे.

तुझीच,
आराधना

•

केडगाव
१२ जानेवारी २०२५

चि. आराधनास,
आशीर्वाद.

प्रश्न वाचले. 'निर्णयप्रक्रियेतील आपला सहभाग' असं मला कुणी शाळेच्या तपासणीतही विचारलं नव्हतं. मला 'आपण' म्हणायला तू कधीपासून लागलीस?

आराधना, मी ते माझ्या भाचीला सांगितलं होतं. वर्गाला नाही. तू आधी मांडलंस आणि मग विचारलंस. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, हे स्पष्टच लिहिते. आणि नाव बदललंस म्हणून काय झालं गं? निवृत्त शिक्षिका, बिनलग्नाची, गायनमंडळात वरचा सूर, भाची परदेशात. केडगावात अशा किती जणी आहेत? राहीबाईंची म्हैससुद्धा ओळखेल. तुझं सगळं लिखाण जोएल मोबाईलवर शोधून बापाला वाचून दाखवतो, हे विसरलीस की काय?

बेंजामिनला, तुझ्या पप्पाला, यातलं काही माहीत नाही. तो तेव्हा बोर्डिंगात होता, लहान होता. बहिणीने शाळेतल्या मुलांसाठी आयुष्य दिलं, लग्नसुद्धा केलं नाही, असं तो अजूनही दर उपासनेला अभिमानाने सांगतो. मी मान खाली घालून ऐकते. आणि तुझे आजोबा म्हणजे त्याच्या लेखी देवमाणूस. ते चर्चच्या मागे मातीत निजलेत, त्यांना काही उत्तर देता येत नाही. तुझ्या एका पदवीसाठी मी माझ्या भावाचा बाप त्याच्यापासून काढून घेऊ?

परवानगी नाही. राग मानू नकोस आणि थंडीत कान झाकत जा. माया कमी झालेली नाही, एवढं समजून अस.

हेलन आत्या

•

लीड्स
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सप्रेम सलाम वि. वि.

चुकलं माझं. सबब काही नाही. मला वाटत होतं मी तुझी बाजू घेतेय. खरं तर मला वर्गात ऐकणारे कान हवे होते, आणि ते मला तुझ्या जिवावर मिळाले.

बाईंना सांगितलं की ती गोष्ट मी काढून घेते. त्यांना हळहळ वाटली, पण म्हणाल्या की नाही म्हणजे नाही. आता मी इथल्या आम्हा परदेशी विद्यार्थ्यांवरच लिहिणार आहे. घर भाड्याने घेताना, दुकानात, ओळख होताना आम्हाला सारखं विचारतात की तू मूळची कुठली. लीड्स म्हटलं की हसतात आणि म्हणतात, नाही, खरी कुठली. त्या प्रश्नाने आधी नुसतं अवघडायला व्हायचं. तुझं पत्र आल्यापासून मला तो प्रश्न ओळखीचा वाटायला लागलाय. घानाच्या त्या मुलाशी, एका चिनी मैत्रिणीशी बोलणं सुरू केलंय. या वेळी आधी विचारलं.

एक गोष्ट मात्र तुझ्या कानावर घालते. जोएलदादाचा फोन आला होता. बँकेत त्याच्याबरोबर मोनिका म्हणून मुलगी आहे, राजूरची, आपल्यातलीच, ख्रिस्ती. त्याला तिच्याशीच लग्न करायचंय. पप्पा मुलीवर खूश आहेत, पण तिच्या आईवडिलांना चहाला बोलावलंय म्हणे. दादा म्हणतो, नुसता चहा आहे. मी त्याला काहीच बोलले नाही, कारण तुझी गोष्ट सांगायचा हक्क मला नाही. पण आत्या, मला भीती वाटते. तू त्या दिवशी घरात असशील ना? रागावली असलीस तरी लिही.

तुझी,
आराधना

•

केडगाव
२७ एप्रिल २०२५

चि. आराधनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. सांगण्यासारखं काही होईपर्यंत थांबले होते. ऊन मरणाचं आहे आणि तुझ्या मम्मीचा गुडघा ठीक आहे.

मोनिकाची माणसं आली. साधी, मोकळी माणसं. वडील राजूरच्या बाजाराच्या, पावसाच्या गप्पा मारत होते. मुलगी मला आवडली, तिने पोह्यात मीठ कमी आहे असं सरळ सांगून टाकलं. मी कोपऱ्यात बसून होते आणि मनात म्हणत होते, बेंजामिन, नको विचारू. पण त्याने बशी खाली ठेवली आणि अगदी तुझ्या आजोबांच्या आवाजात, सहज विचारल्यासारखं विचारलं. मूळ गाव कोणतं. त्यांनी सांगितलं. मग दुसरा प्रश्नही आला. मोनिकाच्या वडिलांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांना प्रश्न कळला होता. पोरीलाही कळला होता. कळला नव्हता तो फक्त आपल्या जोएलला, बावळट कुठला.

मोनिकाचे वडील तोंड उघडायच्या आत मी म्हटलं की थांबा, आधी आमचं सांगते. आमचं घर ओढ्याच्या अलीकडे होतं, आणि खर्ड्याच्या एका चांगल्या माणसाचं पलीकडे होतं, म्हणून मी आज या खुर्चीत बसलेय. मग सगळं सांगितलं, दुसऱ्या रविवारपर्यंत सगळं. परक्या माणसांसमोर, आराधना! आवाज मात्र वर्गात लागायचा तसा लागला. बेंजामिनला म्हटलं की मी शाळेसाठी लग्न टाळलं नाही, ते मोडलं म्हणून शाळा धरली. यापुढे उपासनेत ते सांगू नकोस.

तो उठून बाहेर गेला तो पाहुणे जाईपर्यंत आलाच नाही. नंतर बरेच दिवस जेवायचा तो माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं, गेलं, भाऊ गेला. मग ईस्टरनंतर आला, माझ्या पायाशी बसला आणि रडला. आपले वडील असं करतील असं त्याला अजून पटत नाही आणि मी खोटं बोलेन असंही पटत नाही, एवढंच म्हणाला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः पाळकांकडे जाऊन जोएल-मोनिकाची नावं देऊन आला. आज पहिली सूचना वाचली.

तुझा विषय बदलला, हे माहीत आहे. आता परवानगी देऊन उपयोग आहे की नाही, तुझं तू बघ. पण पुढे कधी लिहिलंस तर अर्धी लिहू नकोस. कुणी ठरवलं, का ठरवलं, कुठल्या अंगाचं घर, हे सगळं येईल त्यात, यायलाच हवं. वडिलांनी, पाळकांनी आणि तूही मला तेवढंच विचारलंत. जॉर्ज मला आवडायचे का, हे आजवर कुणीच विचारलं नाही.

आवडायचे गं. फार आवडायचे. ते लिही.

लग्नाला ये, न आलीस तर बोलणार नाही. प्रभू तुला सांभाळो, आणि मन असंच माझ्याकडे उघडं ठेव.

तुझी,
हेलन आत्या